घ्या, चंद्र पेशकश!

फरंगीसचे अंतराळवीर यानातून कधी बाहेर पडलेच नाहीत. एकतीस वर्षं ती विज्ञानकथा लिहीत होती आणि एकतीस वर्षं तिचं यान मंगळावर उतरून, दार उघडून उभं होतं. आत दोघं. एक वयाने मोठा, दुसरा हुद्द्याने.

"आधी आपण," पहिला म्हणायचा.

"छे छे, आपण असताना मी? आपण पुढे व्हा."

"माझ्या डोक्यावर पाय ठेवून व्हा, पण पुढे आपणच व्हा."

चार पानं हेच. पाचव्या पानावर प्राणवायू संपायचा आणि फरंगीस वही मिटून चहा टाकायला उठायची.

"अगं, ढकल की एकाला बाहेर," मी म्हणायची.

"वयाने मोठ्या माणसाला ढकलू? तुला काही रीतभात आहे की नाही, एशरत?"

ती एशरत म्हणजे मी. इराणातल्या या केरमान शहरात, मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवला आणि फरंगीसने प्रयोगशाळा सांभाळली. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि त्या भिंतीवरून आम्ही चाळीस वर्षं भांडतोय. मी साठीची, ती अठ्ठावन्नची. मी तोंडाळ आणि ती नको तेवढी गोड.

किती गोड ते सांगते. सकाळी नानवायाकडे रोटीच्या रांगेत उभी राहिली की मागच्याला म्हणणार, "आपण घाईत दिसता, आपण घ्या." मग त्याच्या मागच्याला. मग त्याच्या मागचीला. एकदा ती रोटी घेऊन घरी पोचली तेव्हा मी दुपारची भांडी घासत होते. भीड भिकेची बहीण असते, हे मी तिला इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडलं की तीच वाक्य पुरं करते, वर "किती छान म्हण आहे गं तुझी" असं म्हणते. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

तिच्याकडे तिचं असं एकच होतं, दुर्बीण. तिचे बाबाजान बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी दोन हिवाळे घरात बसून काच घासली, पत्र्याची नळी वळवली, पायाला अक्रोडाच्या लाकडाची तिवई केली आणि दहा वर्षांच्या मुलीला शनीची कडी दाखवली. फरंगीसने लग्न केलं नाही. बाबाजान गेल्यावर घरात ती उरली आणि गच्चीवर दुर्बीण. रोज संध्याकाळी ती तिची काच मऊ फडक्याने पुसायची. मी भिंतीवरून बघायची आणि त्या वेळी मात्र काही बोलायची नाही.

आता या वसंतात काय झालं, ते ऐका.

आमच्या मोहल्ल्याच्या वाचनालयात गुरुवारी दुपारी बैठक असते. कुणी कविता वाचतं, कुणी प्रवासवर्णन, आणि आम्ही बाकीचे पिस्ते सोलत दाद देतो. ग्रंथपाल सुतूदे आगा एका गुरुवारी उठून म्हणाले, "पुढच्या पंधरवड्यात विज्ञानकथा! फरंगीस खानम एकतीस वर्षं लिहितायत. आता आम्हालाही ऐकू द्या."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अहो, माझं यान अजून दारातच अडलंय. फरंगीस म्हणाली, "आपली आज्ञा, आगा. माझ्या डोळ्यांवर." म्हणजे संपलंच! डोळ्यांवर घेतलेलं खाली ठेवायची तिची प्राज्ञा नाही.

घरी येताना तिने माझा दंड धरला. "एशरत जान, चौदा दिवस! मला प्रेरणा पाहिजे."

मग आम्ही प्रेरणा शोधायला निघालो. असला वेडेपणा मी जन्मात केला नव्हता आणि आता कबूल करते, मला जाम मजा येत होती. पहिल्या दिवशी आम्ही तिच्या पुतण्याच्या मोटारीतून शहदादच्या वाळवंटात गेलो. तिथे म्हणे जमीन मंगळासारखी आहे. फरंगीस वाळूच्या एका उंच सुळक्यासमोर छत्री उघडून तासभर उभी राहिली. मी थर्मास घेऊन तिच्या मागे.

"काही येतंय का?" मी विचारलं.

"घाम."

दुसऱ्या दिवशी ती धुलाईयंत्रासमोर मांडी घालून बसली, कारण ते गरगर फिरताना यानासारखं वाटतं. ती बसल्या जागी झोपली. तिसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, की विज्ञानकथेत काहीतरी हरवावं लागतं, पृथ्वी तरी, सूर्य तरी. तिने बिचारीने खूप प्रयत्न केला. पण परग्रहावरचा राक्षस सूर्य गिळायला आला की तिच्या कथेतली माणसं त्याला आधी चहा विचारायची, आणि तो चहा पिऊन लाजून परत जायचा.

"राक्षसाला चहा कशाला?"

"दारात आलाय ना तो!"

आठव्या दिवशी कामयार आला.

कामयार आमच्याच गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आईबापांनी दोन वर्षांचा असताना स्वीडनला नेला, तो आता पस्तिशीत परत आलाय, वाळवंटातली वाळू किती तापते ते मोजायला. नाक आमचं, भुवया आमच्या, आडनाव तर पक्कं केरमानी. कान तेवढे परके. फारसी तो पुस्तकातल्यासारखी बोलतो आणि ऐकलेला प्रत्येक शब्द खरा धरतो. मुलगा लाखात एक आहे, पण असा माणूस आमच्या गावात म्हणजे शिंक्याखाली सोडलेलं मांजर.

फरंगीसचा गच्चीवरचा कूलर ठिबकत होता. कामयारने तो नीट करून दिला आणि हात पुसता पुसता त्याची नजर दुर्बिणीवर गेली.

"खानम!" तो म्हणाला. "ही दुर्बीण अत्यंत सुंदर आहे!"

"पेशकश," फरंगीस म्हणाली.

आता यात काही नाही. आमच्याकडे कुणी वस्तूला छान म्हटलं की "पेशकश" म्हणायचं, म्हणजे घ्या, तुमचीच. समोरच्याने म्हणायचं, "छे, ती तुमच्याकडेच शोभते." झालं. वस्तू जागेवर, इभ्रत जागेवर. मी अंगठ्या, गालिचे, एकदा तर नवरासुद्धा असा पेशकश केलाय, सगळं घरी आहे.

कामयार म्हणाला, "खरोखर?"

शेजारी उभी मी दचकलेच. आमच्याकडे "खरोखर" असं कुणी विचारत नाही. "खरोखर"ला काय उत्तर द्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

फरंगीसचा चेहरा पांढरा पडला, पण जीभ आपली चालूच. "अर्थात! तुमच्यापुढे हिची काय किंमत!"

"परंतु ही फार मोठी भेट आहे, खानम."

इथे ती वाचू शकली असती. "हो, मोठीच आहे," एवढं म्हणायचं होतं. पण पाहुणा संकोचतोय म्हटल्यावर तिला राहवेल? "तुम्हाला माझ्या जिवाची शपथ," ती म्हणाली, "संकोच करू नका."

कामयारचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "मी स्वीकारतो. या गावात मला आजवर कुणी आपलं म्हटलं नव्हतं." आणि त्याने दुर्बीण उचलली. फरंगीसने तिला गुंडाळायला घरातली चांगली चादर दिली. जिन्यात त्याच्यासाठी दार धरलं. वर हातात खजूर भरलेल्या कोलुम्पे-बिस्किटांची बशी दिली, तोंड गोड करा म्हणून! तो कोपऱ्यावरून वळला आणि ही पायरीवर मटकन बसली.

"एशरत," ती म्हणाली, "बाबाजानची दुर्बीण गेली."

"गेली कसली? मी आत्ता जाऊन आणते!"

"खबरदार! त्याला लाज वाटेल. शपथ घे, तू त्याला एक शब्द सांगणार नाहीस."

शपथ मी घेतली आणि त्या शपथेचा मला अजून राग आहे.

तीन दिवस ती गच्चीवर गेली नाही. संध्याकाळ झाली की हातात ते मऊ फडकं घेऊन स्वयंपाकघरात बसायची आणि चहाचा समोवार पुसायची. इतका चकचकीत समोवार उभ्या केरमानात नव्हता. मला ते बघवेना. चौथ्या दिवशी मी तिला उभी केली, बाहेर जाताना पांघरायची चादर डोक्यावर दिली आणि म्हटलं, "चल. तू स्वतः माग. मी फक्त शेजारी उभी राहते, शपथ मोडत नाही."

वाटेत आम्ही वाक्य पाठ केलं. 'आगा कामयार, क्षमा करा, ती दुर्बीण मला परत हवी आहे.' दहा वेळा म्हणून घेतलं. दारात पोचेपर्यंत ती उत्तम म्हणत होती.

कामयारने दार उघडलं. केवढा आनंद त्याला! "खानम, या, या! मी रोज चंद्र बघतो! माझ्या आईला मी दूरध्वनीवरून चंद्राचं वर्णन सांगतो, ती रडते!"

फरंगीसने माझ्याकडे पाहिलं. मी तिला कोपर मारलं.

"आगा कामयार," ती म्हणाली, "क्षमा करा..."

"बोला ना, खानम."

"क्षमा करा, मी तुम्हाला भिंगांची पेटी द्यायचीच विसरले."

आणि तिने घरी जाऊन ती पेटी आणून दिली! आतली चारही भिंगं, बाबाजाननी मखमलीत बसवलेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. येताना गल्लीत मी तिला बोल बोल बोलले. बोलायचं बाकी काही ठेवलं नाही.

"रागावू नकोस गं," ती रडवेली होऊन म्हणाली. "माझं हे असंच. आणखी एकदा गेले ना, तर त्याला चंद्रसुद्धा देऊन येईन."

आणि ती थांबली. मधोमध, गल्लीत. मागून येणारी सायकल तिला वळसा घालून शिव्या देत गेली, तिला पत्ता नाही.

"एशरत."

"काय?"

"चंद्र देऊन येईन."

"ऐकलं मी, बहिरी नाहीये."

"अगं, चंद्र! तो येतो, चंद्राला छान म्हणतो, आणि आपण त्याला म्हणतो, पेशकश!" तिने माझे दोन्ही हात धरले आणि त्या गल्लीत, दिवसाढवळ्या, अठ्ठावन्न वर्षांची बाई उड्या मारायला लागली. मीही मारल्या. समोरच्या खिडकीतून अत्तारीण विचारत होती, "काय झालं, लग्न ठरलं का कुणाचं?" आणि आम्ही दोघी, "हो! हो!" म्हणून ओरडत घराकडे पळालो.

दोन दिवस तिने मान वर केली नाही. भात करपला, कूलर पुन्हा ठिबकला, दारात आलेल्या माणसांना मी परस्पर घालवलं, आणि ते काम मला छान जमतं.

गुरुवारी वाचनालय भरलं होतं. दुसऱ्या रांगेत कामयार बसला होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला बघून मला घामच फुटला. सुतूदे आगांनी घसा साफ करून सांगितलं, "आजची कथा, फरंगीस खानम दबीरी यांची." कामयारने मान एकदम वर केली. त्याला ती फक्त दबीरी खानम म्हणून माहीत होती. तो कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवायला लागला.

फरंगीसने वाचायला सुरुवात केली.

शहदादच्या वाळूत एक यान उतरतं. परग्रहावरचा एक सभ्य प्राणी बाजारात येतो. मिठाईवाल्याला विचारतो, किती झाले? मिठाईवाला म्हणतो, तुमच्याकडून काय घ्यायचं, असंच न्या. तो ताटं उचलून नेतो. पुढे एक गृहस्थ त्याला म्हणतो, हे घर तुमचंच समजा. तो तसं समजतो आणि गृहस्थाला बाहेर काढतो. हसून हसून लोकांच्या हातातले पिस्ते सांडत होते. मग नगराध्यक्षांच्या अंगणात मेजवानी होते, पाहुणा वर बघून म्हणतो, तुमचा चंद्र अत्यंत सुंदर आहे. आणि नगराध्यक्ष हात छातीशी धरून म्हणतात, घ्या, पेशकश!

तो घेतो. चादरीत गुंडाळून, काखेत मारून. नगराध्यक्ष त्याला दार धरतात.

त्यावर सुतूदे आगा खुर्चीवरून खाली यायचे राहिले. कथेतलं केरमान आता अंधारात चाचपडत होतं, पण चंद्र परत मागायचा कुणी? समिती नेमली. समितीने पाहुण्याला आभाराचं पत्र धाडलं आणि सोबत, राहिलेत म्हणून, चार तारे पाठवले.

आता हसणं विरळ व्हायला लागलं. कारण पुढे तिने लिहिलं होतं, की एक बाई रोज संध्याकाळी गच्चीवर जायची, रिकाम्या आभाळाकडे बघायची आणि हातातल्या फडक्याने काहीच नसलेलं पुसायची. मी चादरीच्या टोकात तोंड लपवलं.

"यान निघायची वेळ झाली," फरंगीस वाचत होती. "सगळं गाव निरोप द्यायला वाळवंटात जमलं. प्रत्येकाच्या ओठांवर एकच वाक्य होतं आणि कुणाच्याच तोंडून ते निघेना."

तिने वही मिटली. "माफ करा. शेवट मला सुचला नाही."

आणि दुसऱ्या रांगेत कामयार उभा राहिला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

"खानम," तो म्हणाला, "कृपया दुर्बीण परत घ्या."

सगळ्या वाचनालयाने माना वळवल्या.

"छे छे, आगा कामयार!" फरंगीस म्हणाली. "काय बोलता हे!" जीभच ती, तिला काय कळतंय.

"मी मनापासून सांगतो. परत घ्या."

"शक्यच नाही. ती तुमच्याकडेच शोभते."

दोनदा झालं. आता सगळ्यांना ठाऊक होतं, की तिसऱ्यांदा तो म्हणेल आणि तिसऱ्यांदा ती मान तुकवेल. आमच्याकडे सगळं तिसऱ्या खेपेला होतं. सुतूदे आगांनी तर तीन बोटं वर करून त्याला दाखवायलासुद्धा सुरुवात केली.

कामयारने दोन्ही नकार नीट ऐकले. "ठीक आहे," तो म्हणाला. "जशी आपली इच्छा." आणि तो खाली बसला.

"या अल्लाह!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी शपथ मोडायला उठलेच होते. दोन खुर्च्या ओलांडल्यासुद्धा. पण त्याआधी फरंगीस बोलली. आवाज मोठा नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"माझी आहे ती," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी माझ्यासाठी केली. मला ती परत हवी आहे."

चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून 'मला हवी आहे' ऐकलं नव्हतं. रोटीसुद्धा तिने कधी स्वतःसाठी मागितली नव्हती. बोलून झाल्यावर तिने वही छातीशी इतकी घट्ट धरली, जणू आता तिला कुणी मारणार होतं.

कामयार पुन्हा उभा राहिला. चेहऱ्यावर राग नाही, लाजही नाही, नुसतं आश्चर्य.

"मग आधी सांगायचं ना, खानम!" तो म्हणाला.

फरंगीसने वही उघडली, पेन काढलं आणि भर सभेत, उभ्याने, शेवटच्या पानावर ते वाक्य लिहून टाकलं. वर पाहून म्हणाली, "झाली. कथा पुरी झाली." आणि वाचून दाखवलं: ती बाई यानासमोर गेली आणि म्हणाली, चंद्र आमचा आहे, खाली ठेव. पाहुणा म्हणाला, मग आधी सांगायचं ना!

असा हलकल्लोळ त्या वाचनालयात पूर्वी कधी झाला नसेल. सुतूदे आगांनी स्वतःच लावलेल्या 'शांतता राखा' या पाटीवर टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत कामयार माझ्या कानाशी आला.

"दुर्बिणीच्या झाकणाच्या आत 'फरंगीस' असं कोरलंय," तो म्हणाला. "मला वाटलं, कंपनीचं नाव."

मला हसून हसून उचकी लागली, ती घरी पोचेपर्यंत थांबली नाही.

संध्याकाळी तो दुर्बीण घेऊन आला, चादरीत गुंडाळून, धुतलेल्या बशीसकट. बशी रिकामी कशी आणायची म्हणून तीत पिस्ते भरलेले होते. म्हणजे शिकतोय हळूहळू. तिघांनी मिळून तिवई गच्चीवर उभी केली. फरंगीसने फडक्याने काच पुसली, आधी स्वतः पाहिलं, खूप वेळ पाहिलं. चंद्र जागेवर होता. मग ती बाजूला झाली आणि कामयार वाकला.

"अत्यंत सुंदर आहे ही!" तो म्हणाला.

"पेश..." फरंगीसने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

तिने हात हळूच खाली घेतला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "माझी आहे. तू रोज ये, बघ हवी तेवढी."